खांबामागचा दिवा

मुरबाडजवळच्या गिरजाच्या गावच्या देवळाला नवा सभामंडप बांधायचा होता. त्याच्या दिव्यांचा नकाशा काढायला तिच्याच ऑफिसात आला. कॉम्प्युटरवर एकेका दिव्याला टॅग, म्हणजे नंबराची खूण, लावताना तिला आय आठवली. गिरजाचा धाकटा भाऊ दीपेश वारला, तेव्हापासून आय घरात गप्पच असायची. पण कीर्तन एकही चुकवायची नाही. जुन्या मंडपात शेवटच्या खांबामागे, काळोखात बसायची. गिरजाने नव्या नकाशात त्याच जागी एक दिवा वाढवला आणि त्यालाही टॅग लावला.

नव्या मंडपातल्या पहिल्या कीर्तनाला बुवांनी अभंग धरला, टाळ लागले, आणि आय खांबामागून उठून चपला शोधू लागली.

"आये, कुठं चाललीस? तुझ्यासाठीच मुद्दाम लावलाय गो तो दिवा!"

 

"तिथं बसून रडत व्हते गो मी. आता कुठं रडू?"