चष्म्याला मनाई

"हिच्या चष्म्यापुढे मेला साधा डोळासुद्धा मारता येत नव्हता," कुणीतरी शेजारणीच्या कानाशी कुरकुरलं.

शालनचं लाटणं थांबलं. तिची नजर अधू होती. समोर कोण आहे, हसतंय की तोंड वाकडं करतंय, ते चष्मा तिच्या कानात सांगायचा. आज गच्चीवर पापड लाटणाऱ्या तिघींकडे तिने एकेक करून पाहिलं, तर चष्मा तिन्ही वेळा म्हणाला, "अनोळखी व्यक्ती. ओळख आणि हावभाव सांगायला या व्यक्तीने अर्ज करून मनाई केली आहे."

"वीस वर्षं एका परातीतल्या लाट्या लाटतोय," शालन कडाडली, "आणि अर्ज भरून अनोळखी झालात? आवाजावरून ओळखते मी. कुरकुरल्या त्या मंदाबाई!"

"अगं, ते खाजगीपण का काय म्हणतात ना..." मंदाबाई चाचरल्या.

"माझ्यापासून काय लपवायचंय?"

शेवटी थोरल्या सुलभावहिनी म्हणाल्या, "तू लाटी चाचपत शोधतेस ना शालन, त्याची आम्ही तुझ्यासमोर नक्कल करायचो. वीस वर्षं. चष्मा आला, तेव्हा नक्कल सोडण्यापेक्षा अर्ज भरणं सोपं वाटलं."