काळ्या रंगाखाली

बायको गेल्यापासून धनंजयराव इंदिरा नगरच्या घरात जुने व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करत बसायचे. मुलगा सौरभ चिनहटच्या भंगारातून काळं, बंद पडलेलं मशीन आणायचा आणि ते चकाचक झालं की कानपूरच्या एका शौकीन साहेबांना विकून यायचा. मग म्हणायचा, "सेम मॉडेल फिर मिल गया, पापा!" जुना रंग खरवडायचा नाही, त्याच्यावरच नवा चढवायचा, हा धनंजयरावांचा नेम. या खेपेला मात्र काळा रंग इतका फुगला होता, की पॉलिश पेपर हातात घ्यावाच लागला.

"पापा, साहब पूछ रहे हैं, इस बार कौन सा रंग?"

त्यांनी मशीन त्याच्याकडे वळवलं. काळ्याखाली त्यांनी दिवाळीत दिलेला लाल होता, त्याखाली पुन्हा काळा, आणि त्याच्याही खाली होळीच्या वेळचा हिरवा.

"विकलेली सगळी मशिनं म्हणजे हे एकच होतं की रे."

सौरभने मान खाली घातली. "आपका मन लग गया था, पापा."

"लागणारच," धनंजयरावांनी मशीनवरचा हात काढून घेतला. "मला वाटायचं, कानपूरला कुणीतरी वाट बघतंय."