पलंगावरची घंटी

टेम्पो अंगावर आला तरी ताईने घंटी वाजवली नाही. दोन्ही ब्रेक करकचून दाबले. सायकल कलंडता कलंडता राहिली आणि कॅरियरवर बसलेल्या धाकटीचं नाक ताईच्या दप्तरावर जाऊन आपटलं.

"वाजवायची ना," धाकटी नाक चोळत म्हणाली. "आता आहे ना आपल्याकडे."

"ब्रेक आहेत."

"ब्रेक काय टेम्पोला ऐकू येतात?"

ताईने पुन्हा पेडल मारलं. टेम्पोवाला खिडकीतून काहीतरी बोलून गेला. काय बोलला ते तिने ऐकलंच नाही, किंवा ऐकलं आणि तसंच सोडून दिलं.

"मी मागून हात घालून वाजवू?"

"हात लावलास तर इथेच उतरवीन. मग जा चालत शाळेत."

घंटी आज सकाळीच हँडलवर परत आली होती. त्याआधी वर्षभर ती बाबांच्या पलंगाला होती. बाबांचं बोलणं गेलं, हलणारा असा उजवा अंगठा तेवढा उरला, तेव्हा ताईनेच ती सायकलवरून सोडवून पलंगाच्या दांड्याला बसवली होती. दांडा हँडलपेक्षा बारीक, म्हणून खाली जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून. पाणी हवं, ट्रिंग. कूस बदलायची, ट्रिंग. काहीच नको असलं तरी ट्रिंग, नुसतं कोण येतंय ते बघायला. मग दोघी बहिणींचं ठरलेलं भांडण. मघाशी मी गेले, आता तुझा नंबर. भांडता भांडता दोघीही बाबांपाशी पोचायच्या.

तेव्हापासून रस्त्यावर ताई तोंडानेच वाट काढायची. ओ काका, बाजूला. ओ मावशी, सायकल. वर्गात तिचं नाव भोंगा पडलं होतं आणि ती त्या नावाला ओ द्यायची.

गेल्या आठवड्यात बाबा गेले. पलंग भाड्याचा होता, तो न्यायला आज दुपारी माणूस येणार होता. म्हणून आईने सकाळी पाना घेऊन घंटी सोडवली, फडक्याने पुसली आणि सायकलवर घट्ट बसवली. शेजारणीचं भांडं परत करावं तशी. "रस्त्यावर लागते ती," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

सायकल पायऱ्यांवरून उतरवताना ताईने घंटी तळहाताने दाबून धरली होती. गचक्याने वाजली असती, तर आई हातातलं टाकून उठली असती. आजच्या दिवसात ती वाजू द्यायची नाही, असं ताईने तिथेच ठरवून टाकलं. उद्याचं उद्या.

बाजाराच्या तोंडाशी उतार होता. खाली थांब्यावर बस उभी होती, माणसं उतरत होती. ताई बसला वळसा घालून पुढे निघाली, आणि बसच्या नाकासमोरून एक माणूस सरळ रस्त्यात उतरला. हातांत अंड्यांचे ट्रे, एकावर एक, पार कपाळापर्यंत. त्याला समोरचं काही दिसत नव्हतं. तो पायांनीच रस्ता चाचपत होता.

"ताई, ओरड," धाकटी म्हणाली.

ताईने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. रस्त्यावरचा तो मोठा आवाज आठवडाभर तिने काढलाच नव्हता. लोक येत होते, बसत होते, "पोरगी धीराची आहे हो" म्हणत उठत होते, आणि ती पाण्याचे ग्लास आत नेत होती, बाहेर आणत होती.

ब्रेक दाबले तरी उतारावर सायकल घसरतच राहिली. अंडेवाल्याने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. ताईचा अंगठा आपणहून सरकला.

ट्रिंग ट्रिंग.

अंडेवाला होता तिथेच थिजला. ट्रे डुलले, त्याने हनुवटी लावून ते सावरले. एकही अंडं फुटलं नाही. त्याच्या पुढून सायकलला जायला चांगली ऐसपैस जागा होती.

पण सायकल गेलीच नाही. ताईने एक पाय जमिनीवर टेकवला होता आणि मान मागे वळवली होती, आल्या वाटेकडे.

"आले हं," ती म्हणाली. घरभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

तोवर धाकटी कॅरियरवरून उडी मारून रस्त्यावर उतरलीही होती. "तू थांब," ती म्हणाली, "माझा नंबर आहे."

धाकटीचा एक पाय धावायच्या बेतात पुढे होता, तो तिने मागे घेतला नाही. बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. त्याच्या मागच्याने दिला. आणखी कुणी तरी तर हॉर्नवरचा हातच काढेना. दोघी तशाच उभ्या, बघत.

अंडेवाल्याने ट्रेच्या कडेने डोकं बाहेर काढलं. आधी दोघींकडे पाहिलं, मग त्या जिकडे बघत होत्या तिकडे. तिकडे गाड्यांशिवाय काही नव्हतं.

"अगं पोरींनो, घंटी वाजवलीत ना?" तो म्हणाला. "मग जा की पुढे. माझे हात भरून आलेत."