गंजलेलं दार

शहरातल्या नदीच्या संरक्षक भिंतीतलं लोखंडी दार गंजून उघडंच अडकलं, त्याला सहा वर्षं झाली. रखवालदारानं अर्ज करकरून शेवटी नाद सोडला. समुद्राच्या भरतीसरशी नदी फुगायची आणि तिचं गोडं पाणी दिवसातून दोनदा आत शिरायचं. भिंतीआडच्या पडीक जागेत आपोआप लव्हाळी माजली, बदकं मुक्कामाला आली.

मग एक दिवस साहेब फाइल घेऊन अवतरले. "इथली पाणथळ जागा पुन्हा जिवंत करायचीय."

"ती झालीच की, साहेब!"

"मंजुरीशिवाय?" साहेबांचे डोळे कपाळात गेले.

लव्हाळी उपटली, बदकं उडाली. रोपवाटिकेतली लव्हाळी ओळीनं लागली, नवंकोरं दार बसलं. रखवालदारानं विचारलं, "आता रोज बंद करायचं ना?"

"छे! भरतीचं पाणी आत यायला नको? उघडंच ठेवायचं, अजिबात हात लावायचा नाही."

"ते काम सहा वर्षं इमानेइतबारे करतोय, साहेब."