बदल असेल तरच

दिवसभर डोकेफोड करून त्याने सर्व्हरवरचा ताण एकदाचा कमी केला. लोकांच्या फोनमधलं अ‍ॅप आता सर्व्हरला सारखं तेच ते कळवत बसणार नव्हतं. काही बदललं, तरच निरोप जाणार होता.

तेवढ्यात आईचा रोजचा फोन आला. "जेवलास का रे? माझं पित्त आजही उसळलंय बघ, छातीत जळजळतंय."

"आई, रोज काय तेच तेच? काही नवीन असेल तरच फोन करत जा ना."

"बरं बाबा."

फोन थांबले. त्यालाही जरा उसंत मिळाली.

मग एकदा शेजारच्या काकूंचा फोन आला, थेट हॉस्पिटलमधून. पित्त नव्हतंच, हृदयाचं दुखणं होतं. धावतपळत पोचला आणि आईवरच चिडला, "इतकं दुखत होतं, तर एक फोन करायचा नाही?"



"अरे, नवीन काहीच नव्हतं. तेच आपलं रोजचं."