चौदावं पोस्टर

पोस्टरं छापली होती चौदा. दुकानाच्या काउंटरवर होती तेरा.

कॉलेजच्या क्रीडा-नियम विभागातल्या बाईंनी ती तिसऱ्यांदा मोजली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा घातला आणि चष्म्यावरून दुकानदार विष्णूकाकांकडे पाहिलं. एप्रिल २००६ मधला शुक्रवार. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पाच वाजता पुढच्या आठवड्याच्या शर्यतीची यादी बंद होणार होती. त्याआधी सगळी पोस्टरं उतरल्याचा बाईंचा फॅक्स जायला हवा होता.

"चौदावं?"

"मराठी मंडळाच्या हॉलमध्ये. नोटिस बोर्डावर," काका म्हणाले. "फोन करतो, कोणीतरी काढून टाकेल."

"मी डोळ्यांनी पाहते तेवढंच लिहिते."

सगळ्या पोस्टरांवर कॉलेजची धावपटू आश्लेषा होती. अमेरिकेतल्या फ्रिस्को गावच्या पेपरात आलेला तिचा फोटो, दोन्ही पाय जमिनीच्या वर, वेणी आडवी उडालेली. खाली तिची आजवरची सगळ्यात चांगली वेळ: पाच हजार मीटर, सतरा मिनिटं बावीस सेकंद. त्याखाली मराठीत आणि इंग्रजीत, लाल अक्षरांत, काकांना स्वतःला सुचलेली ओळ: 'या वेगाचं गुपित? विष्णूकाकांचा डिंकाचा लाडू.'

काकांनी कोणाला विचारलं नव्हतं. सहा वर्षांची असल्यापासून ही पोरगी त्यांच्या दुकानात तांदळाच्या पोत्यांपासून फ्रीजरपर्यंत शर्यती लावायची. पेपरात फोटो आला तेव्हा काकांना राहवलं नाही, एवढंच. कॉलेजचा नियम मात्र सरळ होता. खेळाडूचा चेहरा दाखवून कोणी माल विकला आणि तिने तो थांबवला नाही, तर ती बाद. शर्यत गेली, स्कॉलरशिपही गेली. हे आश्लेषाला काल कळलं होतं आणि काकांना आज.

"आता जाहिरातीतला दावा." बाईंनी फॉर्मचं पान उलटलं. "ही खरंच हे लाडू खाते?"

काका काउंटरवरचा टेप सरळ करत बसले.

"खाते कसली," पद्मिनीकाकू गल्ल्यामागून म्हणाल्या. "लहानपणी एकदा म्हणाली, काकू, हा तर ग्लू आहे. तेव्हापासून हात लावला असेल तर शपथ."

बाईंनी रकान्यात लिहिलं: खोटा.

काकांना ते फार लागलं. "मॅडम, तुमच्या कॉलेजच्या बसवर हिचा आठ फुटी फोटो आहे. तिकिटांवर आहे. टी-शर्टवर आहे. त्याचे हिला किती मिळतात?"

"काहीच नाही."

"आणि मी दिले असते तर?"

"तर मी मोजायला आलेच नसते. ती तेव्हाच बाद झाली असती."

"हा कसला नियम?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "बदलेल कधीतरी. पाचच्या आत नाही."

आश्लेषा डाळींच्या रॅकला टेकून उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं. काकूंनी बरणीतला एक लाडू काढून तिच्यापुढे धरला. "खा गं. ग्लू तर ग्लू."

तिने तो घेतला. बाई खाकरल्या. "त्याची किंमत?"

फुकटचा लाडूही नियमात बसत नव्हता. आश्लेषाने खिशातून एक डॉलर काढून काउंटरवर ठेवला. तेरा वर्षांत काकांनी या मुलीकडून एक सेंट घेतला नव्हता. त्यांनी मान वळवली. काकूंनीच तो डॉलर गल्ल्यात टाकला.

"काका," तोंडात लाडू असतानाच ती म्हणाली, "इट्स ॲक्चुअली गुड, यार."

साडेचार. काकांनी व्हॅनची किल्ली उचलली आणि दारातच थांबले. रुंदीकरणासाठी अर्धा रस्ता खणलेला होता. उरलेल्या अर्ध्यात गाड्या पुढच्या सिग्नलच्याही पलीकडे ठप्प उभ्या होत्या.

"हॉल किती लांब आहे?" आश्लेषाने विचारलं.

दर रविवारी काका तिथे समोसे पोचवत. "जाऊन-येऊन तीन पॉइंट एक मैल."

तिने मनातल्या मनात मैलांचे मीटर केले. मग खाली वाकून तिने बुटांच्या नाड्या आवळल्या. "राहू दे व्हॅन. पाच हजार मीटर. माझंच डिस्टन्स आहे ते." तिने बाईंकडे पाहिलं. "पळत गेले तर चालेल? रूल आहे काही?"

"पळण्यावर नाही," बाई म्हणाल्या आणि मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं.

काका फुटपाथवर उभे राहिले. वेणी दोन गाड्यांच्या मधून दिसली, एका ट्रकच्या मागे गेली, पुन्हा दिसली, मग दिसेनाशी झाली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. दुकानातलं गिऱ्हाईक पैसे द्यायचं सोडून काचेशी येऊन उभं राहिलं. काकांच्या हातात किल्ली तशीच होती आणि तळव्यावर तिचे दात उमटले होते.

आधी लांबून एक हॉर्न आला. मग दुसरा. अडकलेल्या गाड्यांच्या रांगेतून हॉर्न एकेक करत जवळ येऊ लागले. लोक काचा खाली करून हात बाहेर काढत होते. आणि त्या आवाजाच्या पुढे आश्लेषा आली, मुठीत गुंडाळलेलं पोस्टर धरून. गल्ला सोडून कधी बाहेर न पडणाऱ्या पद्मिनीकाकू पार्किंग लॉटच्या मधोमध उभ्या राहून ओरडत होत्या, "पळ गं पोरी, पळ!"

तिने उंबरा ओलांडला तेव्हा बाईंनी पुन्हा बटण दाबलं. पोस्टर काउंटरवर पसरलं, चारी कोपऱ्यांतली टाचण्यांची भोकं पाहिली आणि एका कोपऱ्यात चौदा लिहिलं. मग घड्याळ पाहिलं. मग फोटोखालची वेळ, सतरा बावीस. मग परत घड्याळ.

आश्लेषा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. "मॅडम, झालं ना? फॅक्स जाईल ना?"

"जाईल." बाईंनी फॉर्मचं मागचं पान उलटलं. 'खोटा' या शब्दावर पेन जरा वेळ थांबलं. मग त्यांनी पान पुढे घेतलं आणि शेवटच्या ओळीत लिहिलं:

चौदावं पोस्टर ताब्यात. अंतर तीन पूर्णांक एक दशांश मैल. वेळ सतरा मिनिटं चार सेकंद.