सत्काराची शाल

हिंदी सिनेमाचे वृद्ध गीतकार सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले. "आज माझं एक पडलेलं गाणं ऐकवतो," ते म्हणाले. "सिनेमा आठवड्यात उतरला, गाणं कुणी ऐकलंच नाही." पहिल्याच ओळीला मी खुर्चीत खाली सरकलो.

शेजारी बसलेली माझी बायको ताडकन उठली. "अहो, ही कविता माझ्या मिस्टरांची आहे! लग्नाआधी माझ्यासाठी केलेली!" आणि पर्समधून तिने चौतीस वर्षं जपलेलं, घडीवर विरलेलं माझं पत्र काढलं.

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. त्या आठवड्यात तो सिनेमा मी चारदा पाहिला होता, वही-पेन घेऊन.

गीतकारांनी पत्र मागवलं, चष्मा लावून सहीपर्यंत वाचलं आणि हात जोडले. "बहनजी, खरं आहे. चोरी मीच केली."

बायको मानाने खाली बसली. मग ते काठी टेकत माझ्यापाशी आले, सत्काराची शाल माझ्या खांद्यावर घातली आणि कानाशी वाकले.

"सिनेमात हे गाणं ऐकून हिरॉइन दुसऱ्याशी लग्न करते हो. तुमचं कसं काय जमलं?"